ओला गोळा, सुका गोळा

व्यापाऱ्याच्या घरात तराजू, वही आणि वाहन या तीन वस्तूंना घरातील माणसांइतकाच मान असतो. तराजू चुकला तर ग्राहक जातो, वही चुकली तर पत जाते आणि वाहन बंद पडले तर दिवस जातो. या वस्तू ज्या हातांत दिलेल्या असतात, त्या हातांविषयी मात्र वहीत कोठेच नोंद नसते. ती नोंद मालकाच्या मनात असते, आणि तिच्यात एकदा खाडाखोड झाली की ती दुरुस्त करणे फार कठीण जाते. गेवराई येथील एका शेठजींवर काही वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात असा प्रसंग आला. त्याला निमित्त झाला तो गाडीखालून येणारा एक चमत्कारिक आवाज.

गेवराई हा बीड जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुका. त्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा या तालुक्यातून माजलगावकडे जातो, आणि सोलापूर-धुळे महामार्ग गावाला लागूनच आहे. गोदाकाठची जमीन काळी आणि खोल. शेठजींचे दुकान किराणा-भुसाराचे, त्याला जोड सरकी पेंडीची. आसपासच्या खेड्यांतील लहान दुकानदारांना माल पोहोचवायचा, शेतवस्त्यांवरच्या दुभत्या जनावरांसाठी पेंडीची पोती टाकायची आणि हंगाम असेल तर परतताना मूग-उडीद भरून आणायचा, हा त्यांच्या पिकअपचा रोजचा क्रम. एकोणीस वर्षांत गाडी दोनदा बदलली, चालक मात्र एकच राहिला. शेठजींची दोन्ही मुले त्याच्या शेजारी बसून शाळेत गेली. मुलांनी त्याला ‘मामा’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सारे दुकानच त्याला मामा म्हणू लागले. शेठजी स्वतः मात्र त्याला नावाने आणि एकेरीच हाक मारीत. वसुली घेऊन तो कितीही उशिरा परतला, तरी त्याच्यासमोर नोटा मोजण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

मामाची एक सवय होती. पावसाळ्यात दर रविवारी तो गाडी धुण्याच्या केंद्रावर नेई आणि रॅम्पवर चढवून तिच्या पोटाखाली पाण्याचा जोरदार झोत मारून घेई. दोनशे रुपयांचा हा खर्च दर आठवड्याला वहीत पडे. त्याबद्दल कोणी कधी विचारले नव्हते आणि त्यानेही कधी कारण सांगितले नव्हते.

त्या वर्षी आषाढी चौदसेला चातुर्मास बसला, तेव्हा शेठजींनी स्थानकात महासतीजींकडून पाण्याच्या मर्यादेचा नियम घेतला. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्काय जीव असतात, हे त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. शिवाय बीड जिल्ह्यातील माणसाला पाण्याची किंमत निराळी शिकवावी लागत नाही. १९७२ चा दुष्काळ त्यांनी किशोरवयात पाहिला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही त्यांच्या स्मरणात ताजे होते. स्नानाला एक बादली, अंगण धुणे बंद, असे नियम घरात ठरले. त्याच उत्साहात त्यांनी मामालाही सांगितले, “चार महिने गाडी धुवायची नाही.”

मामा एवढेच म्हणाला, “शेठ, पावसाळ्यात खालून पाणी मारावं लागतं.”

“अरे, वरून पाऊस पडतोच आहे की,” शेठजी हसून म्हणाले. मामाही हसला आणि किल्ली घेऊन गेला.

पुढे तीन आठवड्यांच्या आत आवाज सुरू झाला. पुढचे चाक डावीकडे वळले की खालून खर्रर्र असा कर्कश आवाज येई. कोणी मोठ्या दातांच्या करवतीने लाकूड कापीत असावे, तसा. महामार्गावर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरे. एके दिवशी शेठजींचा धाकटा मुलगा गाडी घेऊन गेला होता. तो परतला तेव्हा घाबरलेला होता. “बाबूजी, चाक निघून पडेल असं वाटतं,” तो म्हणाला.

गाडी गॅरेजवर गेली. गॅरेजवाल्याने शिरस्त्याप्रमाणे आधी ती धुऊन घेतली आणि मग जॅकवर उचलली. डाव्या चाकाचे बेअरिंग थोडे झिजलेले आढळले, ते त्याने बदलले. बिल साडेचार हजार रुपये झाले. आवाज बंद झाला आणि सर्वांना समाधान वाटले. मात्र आठच दिवसांत तो पुन्हा सुरू झाला, आणि या खेपेस दोन्ही बाजूंनी येऊ लागला. गाडी पुन्हा गॅरेजवर गेली, पुन्हा धुतली गेली, आणि शॉकअप व बुश बदलले गेले. यावेळी बिल सात हजार दोनशे झाले. आवाज थांबला आणि आठवड्याच्या आत परत आला.

गॅरेजवाला सहज म्हणून गेला, “शेठ, गाडी खड्ड्यांत जोरात आपटत असणार.” त्याच्या मनात काही वाईट होते असे नाही. पण त्याचे हे वाक्य शेठजींच्या मनात जाऊन बसले.

मामा आपल्या परीने सांगत होता, “शेठ, ऊन पडलं की वाजतं आणि पाऊस पडला की गप बसतं. आतलं काही मोडलं असतं तर दोन्ही वेळेला वाजलं असतं.” हे निरीक्षण अगदी अचूक होते. शेठजींना मात्र ती सारवासारव वाटली. उन्हा-पावसाचा बेअरिंगशी काय संबंध? मग धाकट्या मुलाने एक शंका काढली की चालक आणि गॅरेजवाले यांचे कमिशनचे काही संधान असते, असे बाजारात लोक बोलतात. मग कोणी सांगितले की मामाची गाडी परवा फार भरधाव दिसली. प्रत्येक गोष्ट लहान होती. पण ती आधीच्या गोष्टीला चिकटत गेली.

महिनाअखेरीस पगार देताना शेठजींनी दुरुस्तीपोटी तीन हजार रुपये कापून घेतले. मामाने पाकीट उघडले आणि उभ्या उभ्या नोटा मोजल्या. एकोणीस वर्षांत त्याने शेठजींसमोर पैसे मोजले, ते त्या दिवशी प्रथमच. मग त्याने गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली.

“आवाज गाडीचा आहे, शेठ. माझा नाही,” असे म्हणून तो पायऱ्या उतरून गेला. शेठजींनी त्याला थांबवले नाही.

नवा चालक आला. तोही काळजीने गाडी चालवणारा होता. आवाज मात्र तसाच येत राहिला. मामाने गाडीची जी नासाडी करून ठेवली तिचेच हे फळ, असे घरात ठरून गेले. माणसाच्या मनाने एकदा निकाल दिला की नवा पुरावाही जुन्याच निकालाच्या बाजूने वाचला जातो.

पर्युषणाच्या पहिल्या दिवशी कॅनडातील एडमंटनहून फोन आला. शेठजींच्या थोरल्या भावाचा मुलगा तिकडे स्थायिक झालेला आहे. दरवर्षी या दिवशी तो न चुकता काकाजींना फोन करतो. लहानपणी सुट्टीत गेवराईला आला की तोही मामाच्या शेजारी बसून गावोगाव हिंडत असे. क्षेमकुशल झाल्यावर त्याने विचारले, “मामा कसे आहेत?”

शेठजींनी थोडक्यात सारी हकीकत सांगितली. पलीकडून काही क्षण बोलणे आले नाही. मग पुतण्याने एकच प्रश्न विचारला, “काकाजी, पाऊस पडल्यावर आवाज थांबतो का?”

“मामाही असेच काहीतरी म्हणत होता,” शेठजी उत्तरले.

त्यावर पुतण्याने आपली हकीकत सांगितली. एडमंटनला हिवाळ्यात पारा उणे वीस-पंचवीस अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने एक जुना पिकअप ट्रक घेतला होता. एके दिवशी हवा थोडी उबदार झाली आणि रस्त्यावरचे बर्फ अर्धवट वितळून त्याचा राडा झाला. दिवसभर चाकांनी तो राडा उडवला आणि मडगार्डच्या आतल्या पोकळीत थापला. रात्री पुन्हा कडाक्याची थंडी पडली. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे नऊ टक्के वाढते. त्यामुळे प्रत्येक फटीत शिरलेले पाणी फुगून घट्ट बसले आणि सारा राडा दगडासारखा झाला. सकाळी गाडी वळवताच खालून असा काही खरखराट झाला की त्याला आसच मोडला असे वाटले. चाकाच्या आतल्या कडेलाही बर्फाचा एक जड लगदा एका बाजूला गोठला होता. त्यामुळे चाकाचा तोल बिघडला होता आणि वेग वाढताच सारी गाडी थरथरत होती.

त्याने गाडी कार्यशाळेत नेली. तिथली दालने आतून तापवलेली असतात. गाडी रात्रभर आत उभी राहिली. सकाळी कारागिरांनी ती तपासली, तेव्हा त्यांना काहीच सापडले नाही. गाडीखाली पाण्याचे एक थारोळे तेवढे होते. तपासणीचे पैसे देऊन तो घरी आला, आणि तीन दिवसांनी तोच आवाज पुन्हा सुरू झाला. शेवटी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाने त्याला चाकामागे वाकून पाहायला लावले आणि बुटाची टाच मारून बर्फाचे एक भले मोठे ढेकूळ खाली पाडले. बर्फाच्या प्रदेशातील लोक हे काम दार उघडण्याइतक्या सहजपणे करतात. गाडी थांबली की चाकामागचा गोळा घट्ट होण्याआधीच पाडून टाकायचा. लोखंडी कांबीने मात्र ठोकायचे नाही, कारण ब्रेकची नळी तिथूनच जाते.

“काकाजी,” पुतण्या शेवटी म्हणाला, “आपल्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे. कोणताही भाग बदलण्याआधी एकदा चाकामागे हात घालून पाहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिक झाल्यावर शेठजी अंगणात आले. त्यांनी नव्या चालकाकडून पुढची चाके पूर्ण वळवून घेतली आणि स्वतः खाली बसून पाहिले. मडगार्डच्या आत जिथे वीतभर पोकळी असायला हवी होती, तिथे दोन बोटेही जागा नव्हती. सारी पोकळी काळ्या मातीने लिंपून निघाली होती. कोठे मुंगी-किडा नाही ना, हे बारकाईने पाहून त्यांनी खुरपे मागवले. पहिला गोळा सुटायला वेळ लागला. मग एकामागून एक ढेकळे निघू लागली. त्यांत सोयाबीनचा भुसा होता, बाजरीचे काड होते, पोत्याच्या सुतळीचे तुकडे होते आणि दोन टोकदार खडे होते. ज्या बाजूला टायर घासत होता, ती बाजू घोटून गुळगुळीत झाली होती. चाकांच्या आतल्या कडांनाही मातीचे जाड थर बसले होते. चारी चाकांची मिळून तीन घमेली माती निघाली.

गाडी बाहेर काढली. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, महामार्गावर नेली. कोठेही आवाज नव्हता, थरथर नव्हती. पाण्याचा एक तांब्याही लागला नव्हता.

गोदाकाठच्या माणसाला खरे तर या मातीचा स्वभाव ठाऊक असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यापासून बनलेला काळा बेसॉल्ट खडक झिजून ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. या चिकणमातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे पाणी आत घेऊन फुगतात आणि पाणी गेले की आक्रसतात. म्हणून पावसाळ्यात या शेतातून चार पावले चालले तरी पायाला गोळे धरतात, आणि उन्हाळ्यात याच शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती लोण्यासारखी मऊ असते, तेव्हा टायर तिच्यावरून निमूटपणे घसरतो. वाळली की ती विटेसारखी कडक होते. मातीच्या भिंतीला बळकटी यावी म्हणून गारा मळताना त्यात भुसा घालतात. गाडीखाली ते काम रस्त्यावरच्या काडाकचऱ्याने आपोआप केले होते. ऊन पडले की वाजते आणि पाऊस पडला की गप्प बसते, हे मामाचे वाक्य अक्षरशः खरे होते. एडमंटनला जे काम थंडी करते, तेच गेवराईला ऊन करते.

दोन्ही वेळच्या दुरुस्तीचे कोडेही आता उलगडले. गॅरेजवाल्याने दोन्ही वेळा आधी गाडी धुतली होती. आवाज पाण्याच्या झोताने गेला होता आणि श्रेय बेअरिंगला व शॉकअपला मिळाले होते. पाणंदीच्या चार-सहा खेपा झाल्या की माती पुन्हा भरत होती, आणि दोष मामाच्या पदरात पडत होता. शेठजींनी त्या रात्री हिशेब मांडला. सहा रविवारचे धुण्याचे बाराशे रुपये वाचले होते. दुरुस्तीला अकरा हजार सातशे गेले होते. एकोणीस वर्षांची रक्कम मात्र कोणत्या बाजूला आणि किती मांडावी, हे त्यांना समजेना.

नियमात दोष नव्हता. पाण्याची मर्यादा हा उत्तमच नियम आहे. मात्र नियमासोबत जी जयणा हवी, ती तिथे नव्हती. जे काम आपण थांबवतो आहोत ते कशासाठी केले जात होते, आणि पाण्याविना ते कसे होईल, एवढे विचारून घेणे हा त्या नियमाचाच एक भाग होता. ते विचारायला हवे होते ज्याला माहीत होते त्याला. आणि त्याने तर न विचारताच सांगितले होते.

त्याच दिवशी स्थानकात प्रवचनाला उत्तराध्ययन सूत्रातील पंचविसावे अध्ययन निघाले. यज्ञ करीत असलेल्या विजयघोषाकडे जयघोष मुनी भिक्षेसाठी जातात, आणि खरा ब्राह्मण कोणाला म्हणावे याचे विवेचन करतात, तो हा प्रसंग. त्याच्या अखेरीस मातीच्या दोन गोळ्यांचा दृष्टान्त येतो. एक गोळा ओला, एक सुका. दोन्ही भिंतीवर फेकले, तर ओला गोळा भिंतीला चिकटतो आणि सुका खाली पडतो. आसक्त जीवाला कर्म चिकटते, विरक्ताला चिकटत नाही, असा त्याचा आशय. शेठजींनी हा दृष्टान्त लहानपणापासून ऐकला होता आणि दरवेळी मान डोलावली होती. त्या दिवशी मात्र दारात तीन घमेली पडलेली होती.

ओला गोळा म्हणजे काय, याचा त्यांना आपल्यापुरता अर्थ लागला. गॅरेजवाल्याचे एक सहज वाक्य, मुलाची एक शंका, बाजारातील एक वावडी आणि खिशातून गेलेल्या पैशांची चुटपुट, या साऱ्या गोष्टी आल्या तेव्हा ओल्याच होत्या. त्याच दिवशी मामाला समोर बसवून दोन प्रश्न विचारले असते, तर त्या बोटानेही निघाल्या असत्या. त्या तशाच राहू दिल्या आणि अभिमानाच्या उन्हात वाळू दिल्या. मग जो खरखराट सुरू झाला तो त्यांना मामाचा वाटला.

आगमांत क्रोधाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांना चार रेषांची उपमा दिली आहे. पाण्यावरची रेषा ओढता ओढताच मिटते. वाळूवरची रेषा वाऱ्याने बुजते. मातीला पडलेली भेग पाऊस येईपर्यंत राहते. खडकाला गेलेला तडा मात्र मिटतच नाही. परंपरेने या चार प्रकारांना अनुक्रमे पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि यावज्जीव अशा मुदती सांगितल्या आहेत. पाक्षिक, चौमासी आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाचा क्रमही याच मुदतींशी जुळतो. संवत्सरी ही मातीची भेग बुजवण्याची अखेरची संधी आहे. ती गेली तर भेगेचा तडा होतो. काळ्या मातीच्या मुलखातील माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याने दर वैशाखात ती भेग पाहिलेली असते.

चातुर्मासाच्या पन्नासाव्या दिवशी संवत्सरी आली. शेठजींचा उपवास होता. सकाळपासून मोबाइलवर क्षमापनेचे संदेश येत होते. सुंदर अक्षरांतील एक ठरलेला संदेश शेठजीही दरवर्षी व्यापारी मित्रांना, नातेवाइकांना आणि संघातील मंडळींना पाठवीत. त्या दिवशी नावांची यादी खाली सरकवताना त्यांच्या ध्यानात आले की मामाचा क्रमांक या यादीत कधीच नव्हता. ज्यांचे वर्षभरात आपण काहीही बिघडवलेले नाही, अशा शेकडो लोकांकडे क्षमा मागितली जात होती. ज्याचे बिघडवले होते, तो यादीबाहेर होता. त्यांनी मामासाठी संदेश लिहायला घेतला, दोन शब्द लिहिले आणि पुसून टाकले. मोबाइल ठेवून ते उठले.

सायंकाळच्या प्रतिक्रमणाला अजून अवकाश होता. मामाचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. शेठजी पायीच निघाले. हातात एक कापडी पिशवी होती. मामा नुकताच घरी आला होता. त्याने खुर्ची पुढे केली, त्याच्या पत्नीने पाणी आणले. उपवास असल्याचे सांगून शेठजींनी पाण्याला हात जोडले. मग त्यांनी पिशवीतून मातीचे एक ढेकूळ काढले आणि समोर ठेवले. जन्मभर नमुना दाखवून सौदा केलेला माणूस. बोलण्याच्या आधी नमुना पुढे करणे त्यांना सोपे गेले असावे.

मामाने ढेकूळ उचलले, गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवले आणि आतले काड पाहिले. “मडगार्डातलं आहे,” तो म्हणाला. मग थोडे थांबून, “मी सांगितलं होतं, शेठ.”

“हो. तुम्ही सांगितलं होतं,” शेठजी म्हणाले. ‘तुम्ही’ हा शब्द दोघांनीही ऐकला. “माझीच आज्ञा होती गाडी न धुण्याची. तिचा दोष मी तुमच्यावर टाकला. मी गाडीखाली वाकून पाहिलं नाही आणि तुमचं ऐकलंही नाही. आज आमची संवत्सरी आहे. मी तुमच्याकडे खमतखामणा करायला आलो आहे.” त्यांनी तीन हजार रुपये काढून ठेवले. “ही भरपाई नाही. हे तुमचेच पैसे आहेत.”

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पैसे घेतले आणि न मोजता पत्नीच्या हाती दिले.

“मनातून काढलं, शेठ,” तो म्हणाला. “पण गाडीवर आता यायचं नाही. शाळेच्या बसवर लागलोय. लेकरं वाट बघतात सकाळी.”

शेठजींनी आग्रह केला नाही. क्षमा मिळणे आणि पूर्वीचे सर्व जसेच्या तसे परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना उंबरठा ओलांडतानाच कळले होते. ते निघाले तेव्हा मामा फाटकापर्यंत आला. “नव्या पोराला सांगा, पहारीनं ठोकू नको म्हणावं. ब्रेकचा पाइप तिथूनच गेलाय. खुरपं बास होतं. आणि रोजच्या रोज काढायचं, ओलं असतानाच.”

एडमंटनहून आलेला सल्ला आणि हा सल्ला, दोन्ही एकच होते. यासाठी सातासमुद्रापलीकडून फोन येण्याची वाट पाहावी लागली, ही गोष्ट शेठजींनी नंतर संघात स्वतःच उघडपणे सांगितली.

त्यानंतर त्या दुकानात काही गोष्टी बदलल्या आहेत. संवत्सरीच्या दिवशी शेठजी सर्वांत आधी हमाल, चालक आणि दुकानातील मुलांसमोर हात जोडतात, मग घरच्यांसमोर, आणि मोबाइल सर्वांत शेवटी हाती घेतात. गाडीविषयी कोणीही तक्रार केली की प्रथम चालकाला विचारले जाते. दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी मामा घरच्या माणसासारखा येतो आणि धाकटा मुलगा त्याला वाकून नमस्कार करतो. चातुर्मासातील पाण्याचा नियम आजही तसाच पाळला जातो. चार महिने गाडी धुतली जात नाही, आणि तिचा आवाजही येत नाही. दुकानाच्या दाराशी किल्लीच्या खुंटीशेजारी दुसऱ्या खुंटीला एक खुरपे टांगलेले आहे. संध्याकाळी गाडी आली की नवा चालक आधी ते खुरपे उचलतो, चारी चाकांमागची ओली माती काढतो आणि मगच किल्ली खुंटीला लावतो.